कोरड्या बोरिंगची हवा

१

आमच्या गल्लीत मे महिन्यात जेवणं उरकली की लाइट जाते आणि चहाच्या सुमाराला येते. कारण विचाराल तर एसी. प्रत्येक घरात दोन-दोन, शेजारच्या जयेशकडे तर बाथरूम सोडून सगळीकडे. गर्मी वाढली म्हणून एसी लावले, एसींनी आतली गर्मी गल्लीत ओतली, गल्ली अजून तापली म्हणून अजून एसी आले, आणि शेवटी बिचारा ट्रान्सफॉर्मर बसला. ह्याला काय म्हणायचं? मी सारी नोकरी शाळेत विज्ञान शिकवण्यात काढली, पण ह्या गल्लीपुढे हात टेकले.

कॉलनी सांवेर रोडच्या मागच्या अंगाला आहे. राहायला आलो तेव्हा समोर कडुलिंब होते, ते पार्किंगसाठी गेले. अंगणं होती, त्यांवर टाइल्स बसल्या, का तर म्हणे कीचड़ होतो. आता पावसाचं पाणी टाइल्सवरून सरळ नाल्यात जातं, आणि आम्ही सगळे खालून उपसायला बसलोय. जयेशने बोरिंग खोल केली की आमची आटायची, आम्ही खोल केली की त्याची. दोन उन्हाळ्यांपूर्वी आमची कायमची आटली. नंदूने तिच्यावर लोखंडी झाकण ठेवलं आणि आम्ही टँकरवर आलो.

नंदू म्हणजे माझा नवरा. नवऱ्याला नावाने हाक मारते म्हणून बायका अजून कुजबुजतात. कुजबुजू देत! बडा गणपतीच्या गल्लीत आम्ही दोघं लंगडी खेळत मोठे झालो. लग्नानंतर मी 'अहो' म्हणायला गेले असते तर आधी तोच हसला असता.

ह्या माणसाने कारखान्यात बॉयलरपाशी आयुष्य काढलं, कधी कुरकुर केली नाही. आणि मागच्या उन्हाळ्यात भाजी घ्यायला गेला नि रस्त्यात पडला. गरम वाऱ्याची लू लागली होती. दवाखान्यातून सोडताना डॉक्टरांनी मला बाजूला घेतलं. म्हणाले, "मॅडम, परत एकदा असं झालं तर माझ्या हातात काही राहणार नाही. ह्यांना गर्मीत ठेवायचं नाही, बस." हे ते मला एकटीलाच म्हणाले. नंदूला मी सांगितलं की डॉक्टरांनी पापड-लोणचं बंद केलंय.

म्हणून ह्या वर्षी मे लागला तसा माझा जीव टांगणीला लागला. सकाळपासून मी घरभर फिरत असे, या खोलीचा पडदा ओढ, त्या खोलीची खिडकी लाव. एका जागी बसवत नव्हतं.

२

खसच्या, म्हणजे वाळ्याच्या, ताट्या झाल्या, ओल्या चादरी झाल्या. इन्व्हर्टरवर पंखा चालायचा, पण तो गरम हवाच इकडची तिकडे करायचा. नीरज, आमचा मुलगा, सिमरोलला मोठ्या इंजिनिअरिंग कॉलेजात नोकरीला आहे, क्वार्टर कॅम्पसमध्येच. तिथे लाइट जात नाही. रोज फोन करायचा, "आई, बाबांना घेऊन या ना इकडे."

नंदू ऐकेल तर शपथ. "सिमरोलमध्ये पोहे कोण देणार मला? त्या कँटीनवाल्याचे? त्यात वरून जीरावण मसाला टाकत नाहीत, हळदीचा भात देतात हातात."

"नंदू, जीव मोठा का जीरावण?"

"तू भी क्या सवाल करतेस, सुहास!"

एका दुपारी तो मागच्या मोरीपाशी हात धुवायला गेला आणि मला तिथूनच जोरात हाक मारली. मी धावत गेले. बघते तर हा बोरिंगच्या झाकणावर तळहात ठेवून लहान पोरासारखा हसतोय.

"हात लाव."

झाकण गार होतं. भर उन्हात, हात भाजावा अशा वेळी गार. त्याने ते सरकवलं तर आतून हवा आली. ओलसर, थंड, माठाच्या तोंडाशी लागते तशी.

संध्याकाळपर्यंत ह्या पठ्ठ्याने जुने पीव्हीसी पाइप जोडले, बोरिंगच्या तोंडावर कोपर बसवला, आणि पाइप मागच्या खोलीच्या खिडकीतून आत घेतला. हवा दिसावी म्हणून पाइपच्या तोंडाला लाल कापडाची पट्टी बांधली. दुसऱ्या दिवशी लाइट गेली आणि ती पट्टी फडफडत राहिली. खोली थंड, बिल शून्य. जयेश बघायला आला आणि बघतच राहिला.

"काका, क्या जुगाड़ है! एकदम हिल स्टेशन!"

"भिया, बॉयलरवाल्याला हवा शिकवायची नाही," नंदू म्हणाला.

नीरजला फोन केला तर तो म्हणाला, "होतं असं, आई. बाहेर हवेचा दाब कमी झाला की जमिनीतली हवा वर येते. सायन्स आहे." मलाही ते पटलं. मुलांना मी हेच शिकवलं असतं. त्या दुपारी नंदू घोरत झोपला आणि मी उंबऱ्यात बसून रडले. इतकं बरं वाटलं होतं मला.

३

पट्टी उलटी झालेली मी पहिल्यांदा पाहिली तेव्हा हातात त्याचं ताक होतं.

रोज ती खोलीच्या दिशेने फडफडायची. त्या दिवशी ती पाइपात गेली होती. पाइपच्या तोंडात ताणून बसली होती आणि थरथरत होती. मी ग्लास ठेवला, पट्टी बोटांनी बाहेर काढली, ती परत आत गेली. कुणीतरी पलीकडून धरल्यासारखं वाटलं आणि मी हात मागे घेतला.

नीरज फोनवर हसला. "दाब वाढला की हवा आत जाणारच. दिवसातून एकदा-दोनदा होईल असं. जमीन श्वास घेते म्हणतात ना, तेच."

"म्हणतात ते म्हणू देत. तू म्हणू नको," मी म्हटलं. मला उगीचच राग आला होता.

दिवसातून एकदा-दोनदा हे ठीकच होतं. पण नवतपा लागला, म्हणजे जेठातले ते सगळ्यात कडक दिवस, आणि पट्टीचं काही खरं राहिलं नाही. मी कुकर लावून खोलीत डोकावले तर पट्टी बाहेर. शिट्टी झाली म्हणून गॅस बारीक करायला गेले, परत आले तर आत. दुसऱ्या शिट्टीला बाहेर. बाहेरच्या हवेचा दाब कुकरच्या शिट्ट्यांबरोबर बदलत नाही, एवढं मला कळतं. मग मी स्वतःलाच समजावलं, गल्लीतले पंप चालू-बंद होत असतील, कुणीतरी कुठेतरी काहीतरी ओढत असेल. लाइट गेलेली होती हे नंतर लक्षात आलं. पंप कसले चालणार!

मी स्वयंपाकघरात परत आले. तिथूनही ऐकू येत होतं. आधी सूं असा लांब आवाज, मग थोडी शांतता, मग तोच आवाज उलटा. भात शिजला तरी मी ओट्याला धरून उभीच होते.

४

नंदूने पलंग पाइपाजवळ ओढून घेतला. आधी म्हणाला दुपारपुरता. मग सकाळचा पेपर तिथेच, चहा तिथेच. आठवड्याभरात तो त्या खोलीतून बाहेर यायचा तो फक्त बाथरूमला.

मी पोहे नेऊन दिले. मुद्दाम जीरावण कमी टाकलं होतं, का तर त्याने भांडावं. आमचं लग्न त्या भांडणावर टिकलंय. त्याने गुपचूप खाल्ले आणि बशी खाली ठेवली.

"कसे झालेत?"

काही बोलला नाही. माझ्याकडे बघत होता, चांगला शुद्धीत होता. चेहऱ्यावर उत्तर तयार होतं, पण तोंड उघडत नव्हतं. पट्टी पाइपाच्या आत ताणलेली होती. मग ती सैल पडली, फडफडत बाहेर आली, हवा अंगाला लागली, आणि तेव्हा नंदू म्हणाला, "छान झालेत."

मी परत विचारलं, "चहा घेणार?" परत तेच. हवा आत जात होती तोवर गप्प. बाहेर आली तेव्हा, "घेईन."

मी त्याच्या छातीकडे पाहिलं. आणि मग पट्टीकडे. मग मला तिथे थांबवेना. बाहेरच्या खोलीत जाऊन मी सोफ्याच्या उशा झटकल्या, नसलेली धूळ पुसली, कॅलेंडर सरळ केलं. डोक्यात एकच चाललं होतं, की कुणी शेजारी झोपलं की आपला श्वास नकळत त्याच्या लयीत जातो. आईच्या कुशीत पोराचं होतं. साधी गोष्ट आहे ही. सुहासिनी, साधी गोष्ट आहे.

त्याच्या कपाळाला हात लावला तर माठाला लावल्यासारखं वाटलं. थर्मामीटरने आकडाच दाखवला नाही, नुसत्या दोन रेघा. मी सेल बदलला. परत दोन रेघा. स्वतःच्या तोंडात धरला तर अठ्ठ्याण्णव.

"नंदू, तुला थंडी वाजतेय का रे?"

मी थांबले. किती वेळ थांबले! ह्या वेळी पट्टी आत गेली ती येईचना.

"नाही," तो शेवटी म्हणाला. "चांगलं वाटतं. खूप जागा आहे."

"कुठे जागा आहे?"

पण हवा परत आत जायला लागली होती.

५

पलंग मी ओढून बाजूला केला. एकटीने, कंबर मोडली तरी. म्हटलं खोलीच्या दुसऱ्या टोकाला झोपव, दार उघड, माणसांत आण. पाइपापासून दोन हात लांब गेल्याबरोबर त्याचा चेहरा लालबुंद झाला. घाम नाही, नुसती धग. डोळे वर गेले. मागच्या उन्हाळ्यात रस्त्यात पडला होता तेव्हा हेच डोळे मी पाहिले होते. मी किंचाळत पलंग परत ढकलला, आणि पाइपाची हवा लागताच तो शांत झाला.

तशीच मागच्या मोरीत जाऊन मी तोंडावर पाणी मारलं. भिंतीपलीकडे जयेश उभा होता. त्याच्या मागच्या अंगणात टाइल्सचं काम चाललं होतं, उरलेली माती पण झाकून टाकायची म्हणत होता.

"काकू, मी पण पाइप लावला होता तुमच्यासारखा. नाही जमलं," तो म्हणाला.

"का?"

"माझ्या आटलेल्या बोरिंगमधून हवा बाहेर येतच नाही. आत जाते, बस. मी गल्लीत सगळ्यांना विचारलं. सगळ्यांच्या बंद बोरिंगी नुसती हवा ओढतात. ही गल्लीतली गरम हवा, एसीची, सगळी खाली. फक्त तुमचीच बाहेर देते." तो हसला. "लकी हो आप लोग."

मला हसता आलं नाही. मी भिंतीला धरून विचारलं, "जयेश, पण मग आमची अधूनमधून आत ओढते ती कशाला?"

"ते काकांना विचारा ना. जुगाड़ त्यांचा आहे."

माझं डोकं फिरलं. म्हटलं बस झालं. सायन्स असो नाही तर आणखी काही असो, माझा माणूस त्या खोलीत राहणार नाही. नीरजला फोन लावला. "आत्ताच्या आत्ता गाडी घेऊन ये. एसी फुल लावून ये, बर्फ आण. बाबांना सिमरोलला न्यायचंय."

"आई, काय झालं? बाबा बरे आहेत ना?"

"ये तू आधी."

तो यायला तास-दीड तास तरी लागणार होता. आणि मला पक्कं ठाऊक होतं की हवा येत असेपर्यंत नंदू त्या पलंगावरून उठणार नाही, आणि उचलला तर दारापर्यंत टिकणार नाही. हवा बंद करायची, ओल्या चादरीत गुंडाळायचा, बर्फ लावायचा आणि गाडी येईपर्यंत कसंही करून सांभाळायचा. हे मी ठरवलं. चुकले असेन तर ते माझ्या माथी. पण त्या वेळी दुसरं काही सुचत नव्हतं, आणि नुसतं बसून बघणं माझ्याने झालं नसतं.

६

फ्रीजमधला सगळा बर्फ बादलीत काढला. चादरी भिजवून पलंगाच्या पायथ्याशी ठेवल्या. नंदू डोळे उघडे ठेवून पडला होता. मी त्याच्या केसांतून हात फिरवला आणि म्हटलं, "घाबरू नको हं. मी आहे." उत्तरासाठी थांबले नाही.

जयेशच्या मिस्त्रीकडून घमेलंभर ओलं सिमेंट मागून घेतलं. बोरिंगवरचा कोपर हलवून हलवून उपटला. तेव्हा आतून जी हवा आली ती माझ्या कपाळावर आली, केस मागे गेले, आणि लगेच ती आत वळली. झाकण मी सरकवलं तर ते खालूनच ओढलं जाऊन खट्कन बसलं. वरून सिमेंट थापलं, हाताने, नखं भरेपर्यंत. मग कान लावला. आत काही नव्हतं.

धावत खोलीत आले. पट्टी सरळ लोंबत होती. पाइप गप्प. मी चादर पिळून हातात घेतली आणि खोली तापायची वाट बघायला लागले. बाहेर गल्लीत लू सुटली होती, टाइल्सवरून तिचा आवाज येत होता. माझ्या पाठीवर घामाच्या धारा होत्या.

खोली तापेना.

उलट पाठीवरचा घाम सुकायला लागला. मानेला गार लागलं. मी पाइपाच्या तोंडावर हात धरला, काही नाही. खिडकी बंद, दार बंद. मी खोलीत गोल फिरले, हात पुढे धरून, आंधळी कोशिंबीर खेळल्यासारखी. भिंतीपाशी गरम. कपाटापाशी गरम. पलंगाकडे वळले की गार.

मी वाकले. नंदूचं तोंड अर्धवट उघडं होतं आणि त्यातून हवा येत होती. ओलसर. थंड. तिला खोल मातीचा वास होता, सूर्य कधी न पाहिलेल्या मातीचा. ती येत राहिली. मी म्हटलं आता थांबेल. माणसाची फुप्फुसं मी आयुष्यभर फळ्यावर काढली, त्यांत किती हवा मावते ते मला माहीत आहे. ती थांबली नाही. माझ्या हातातली चादर ठिबकत होती, ते थेंब पडायचे थांबले तरी ती येतच होती.

मग थांबली. क्षणभर सगळं घर गप्प झालं.

आणि मग खिडकीच्या फटीने शिट्टी घातली. स्वयंपाकघराचं दार धाडकन आपटलं, मग बाहेरच्या खोलीचं, मग मोरीचं. दाराखालून गल्लीतली गरम हवा माझ्या पायांवरून पलंगाकडे गेली, पेट्रोलचा, एसीच्या पत्र्याचा, तापलेल्या टाइल्सचा वास घेऊन. नंदूची छाती वर आली नाही. ती होती तशीच होती, सपाट. हवा नुसती त्याच्यात जात होती.

मला पळावंसं वाटलं, खोटं कशाला बोलू? दाराच्या कडीवर माझा हात होता. पण पलंगावर नंदू होता. त्याचा लंगडीत पडून फुटलेला दात, त्याची कानावरची केसांची बट, सगळं त्याचंच. त्याला मी एकटा टाकून कुठे जाणार होते?

शिट्टी बंद झाली. गार हवा परत तोंडावर आली, आणि तिच्याबरोबर त्याचा आवाज. अगदी त्याचाच आवाज.

"सुहास. पाणी."

माझा जीव भांड्यात पडला! कितीक दिवसांत त्याने आपणहून काही मागितलं नव्हतं. जो पाणी मागतो तो जगतो, असं मला त्या घटकेला इतकं खरं वाटलं की मी हसले, रडले, माठ जवळजवळ आडवा करून तांब्या भरला आणि त्याच्या डोक्याखाली हात घालून त्याला पाजलं. "पी रे राजा. सावकाश पी. नीरज येतोय."

तो प्यायला. एक थेंब हनुवटीवर आला नाही. पण गळ्याची गाठ हलली नाही. एकदाही हलली नाही. पाणी आत गेलं, तांब्या रिकामा झाला, आणि मी त्याच्या तोंडाशी तशीच वाकून राहिले.

बाहेर गल्लीत नीरजच्या गाडीचा हॉर्न वाजला. गाडीचं दार लागलं. त्याने फाटकाची कडी काढली, "आई!" म्हणून हाक मारली.

तेव्हा कुठे, नंदूच्या आत, खूप खालून, पाणी पडल्याचा आवाज आला.

"अजून," तो म्हणाला.

मी परत तांब्या भरायला उठले.